वाळूजच्या मशीन शॉपमध्ये कामगारांना शेअर द्यायचे आहेत : ईसॉप, ट्रस्ट की सहकारी संस्था?

स्पिंडल_४३१
नमस्कार मंडळी. वाळूज एमआयडीसीतली सीएनसी टर्निंगची (संगणकी लेथवर सुटे भाग कातण्याची) प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. पटावर ६२ कायम कामगार, वर ठेकेदाराची ३५ माणसं. मालक पासष्टीला आलेत, मुलं धंद्यात येणार नाहीत. बाहेरच्याला विकलं तर तो मशिनी उचलून चाकणला नेईल ही धास्ती. म्हणून आधी ३० टक्के हिस्सा कामगारांकडं द्यावा असं चाललंय. वाट कोणती, कामगाराच्या हातात नेमकं काय पडतं आणि हे फसतं कुठं, एवढं सांगा. ‘कामगार आपलं समजून काम करतील’ हे ऐकून झालंय.

ताळेबंद
आधी एक घोळ सोडवू. नेटवर ईसॉपचं, म्हणजे कामगारांना शेअर द्यायच्या योजनेचं, जे कौतुक वाचायला मिळतं ते बहुतेक अमेरिकेतलं. तिथं १९७४ च्या कायद्याखाली ट्रस्ट कर्ज काढून मालकाचे शेअर घेऊ शकतो, कंपनी नफ्यातून ते कर्ज फेडते, आणि कामगाराच्या खिशाला हात लागत नाही. आपल्याकडचा ईसॉप म्हणजे कंपनी कायदा २०१३, कलम ६२ : ठरलेल्या भावानं पुढं शेअर घेण्याचा हक्क. नाव एक, वस्तू दोन.

दुसरं, हे शेअर नवे निघतात. पैसा कंपनीत येतो, मालकाच्या हाती दमडी पडत नाही. आज १ लाख शेअर असतील तर कामगारांचा हिस्सा ३० टक्के व्हायला आणखी ४२,८५७ काढावे लागतील. मालकाला मोकळं व्हायचं असेल तर त्यांचे स्वतःचे शेअर हप्त्यानं विकणं हा वेगळा व्यवहार आहे. दोन्ही एकाच कागदात कोंबू नका.

कामाचा क्रम असा. आर्टिकल्समध्ये (कंपनीच्या अंतर्गत नियमावलीत) तरतूद आहे का बघा. मग बोर्ड, मग सर्वसाधारण सभा. वार्षिक विवरणपत्रं वेळेवर भरलेली असतील तर प्रायव्हेट कंपनीला साधा ठराव पुरतो, नाहीतर विशेष ठराव (तीन चतुर्थांश मतांचा). ऑप्शन (शेअर घेण्याचा हक्क) दिल्यापासून तो पक्का व्हायला, म्हणजे वापरता यायला, किमान एक वर्ष गेलंच पाहिजे. पुढं दरवर्षी २५ टक्के पक्के होत जातील अशी चार वर्षांची शिडी लावा. शिकवलेला ऑपरेटर हजार रुपयांसाठी शेंद्रा एमआयडीसीला पळतो ते यानंच कमी होतं. नोंद एसएच-६ या नोंदवहीत, शेअरचं वाटप झालं की ३० दिवसांत कंपनी निबंधकाकडं पीएएस-३ फॉर्म. सभासद प्रायव्हेट कंपनीच्या २०० च्या मर्यादेवर जातील ही भीती नको, नोकरीतले कामगार त्या मोजणीत येत नाहीत.

लेथचा_हिशेब
आकड्यांत बघा. शेअरची वाजवी किंमत ६०० रुपये, कामगाराला १०० ला. ३०० शेअरला तो ३०,००० भरतो. फरक दीड लाख, तो कर मोजताना पगारातच धरला जातो. पगार महिना २२,००० असेल तर वर्षाचे २.६४ लाख, मिळून ४.१४ लाख. नव्या करपद्धतीत २०२५-२६ ला १२ लाखांपर्यंत कर शून्य, म्हणजे पोरांना कराचा चटका नाही. तोच फरक १४ लाख पगाराच्या प्रॉडक्शन मॅनेजरला मात्र खिशातून कर भरायला लावतो, शेअर विकला नसतानाही. किंमत मर्चंट बँकरकडून काढा, ती १८० दिवसांपेक्षा जुनी चालत नाही.

खरं फसतं ते पुढं. शेअर बाजारात नोंदणी नसलेल्या कंपनीचा शेअर घेणार कोण? निवृत्तीच्या दिवशी कंपनीनंच परत घ्यायचा, तर कलम ६८ आडवं येतं : बोर्डाच्या ठरावानं भांडवल व मुक्त राखीव निधीच्या १० टक्क्यांपर्यंत, विशेष ठरावानं २५ टक्क्यांपर्यंत, आणि एकदा केलं की वर्षभर थांबायचं. आता ६२ जणांची वयं काढा. एकाच वर्षी भरती झालेले दहा जण एकाच वर्षी निघाले, तर त्या साली नवी मशीन विसरा. म्हणून निघणाऱ्यांच्या रकमेचा वेगळा निधी पहिल्या वर्षापासून बाजूला ठेवा आणि किंमत काढायचं सूत्र योजनेतच लिहा. ही दारं आधी नाही बांधली तर शेअर म्हणजे फ्रेम करून लावायचा कागद.

धंद्याला फायदा कधी? महिन्याची विक्री, रिजेक्शन, प्रति नग इन्सर्टचा (लेथवरच्या बदलत्या कापणाऱ्या टिकलीचा) खर्च आणि येणं किती दिवस अडकलंय, हे चार आकडे फळ्यावर येतात तेव्हा. मालकानं हिशेब कपाटात ठेवला तर शेअर देऊनही इन्सर्ट तसेच तुटतील. आणि कायद्यानं बोनसला जे पात्र आहेत त्यांना किमान ८.३३ टक्के बोनस वेगळा द्यायचाच, शेअर दाखवून तो कापता येत नाही.

गोदाकाठ
सहकारी संस्थेचं विचारलंय म्हणून. दहा जणांवर नोंदणी होते, एक सभासद एक मत, लाभांश १५ टक्क्यांवर नाही, नफ्याचा चौथा हिस्सा राखीव. अडचण कायद्याची नाही. सहकार म्हटलं की आपल्याकडं आधी पॅनेल उभं राहतं! कुर्ल्याची कमानी ट्यूब्स १९८८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या मंजुरीनं कामगारांच्या संस्थेकडं गेली, काही वर्षं चालली, मग पुन्हा गाळात. उलट केरळातल्या मुन्नारच्या चहामळ्यांत २००५ पासून कर्मचारी शेअरहोल्डर आहेत, पण तिथं रचना कंपनीची. चालत्या मशीन शॉपला तीच बरी.

स्पिंडल_४३१
आभारी आहे. ट्रस्टनं मालकाचे शेअर घेतले तर? आणि ठेकेदाराची माणसं?

ताळेबंद
ठेकेदाराच्या पटावरचे बसत नाहीत, ईसॉप कायम कर्मचाऱ्यांनाच. त्यांच्यासाठी उत्पादनावर मासिक वाटा ठेवा, नाहीतर एकाच लाईनवर दोन जाती होतील.

ट्रस्ट करता येतो, पण कंपनीच्या पैशातून शेअर घ्यायला कलम ६७ चे नियम आहेत : एकूण मर्यादा भांडवल व मुक्त राखीव निधीच्या ५ टक्के, आणि विश्वस्त म्हणून संचालक, प्रवर्तक किंवा त्यांचे नातेवाईक चालत नाहीत. लहान प्रायव्हेट कंपनीला काही अटींवर या कलमातून सूट मिळते. दुसऱ्या कंपनीची गुंतवणूक नसावी आणि कर्ज मर्यादेत असावं. सीएकडून ते तपासून घ्या.

बँकेला विसरू नका. सीसी लिमिटच्या (कॅश क्रेडिट, खेळत्या भांडवलाच्या कर्जाच्या) मंजुरीपत्रात हिस्सा बदलायला आधी परवानगी लागते असं कलम बहुधा असतंच, आणि मालकांची वैयक्तिक हमी शेअर दिल्यानं सुटत नाही.

स्पिंडल_४३१
मंजुरीपत्र काढून बघितलं, कलम आहे. सोमवारी बँकेत पत्र देतो, तोवर वयांची यादी करायला घेतो.