बीकेसीतल्या मॉलचा इतिहास सांगताना मिठी नदी का वगळायची?

खाडीकाठची
रविवारी भाचीला घेऊन बीकेसीतल्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या, जिओ वर्ल्ड ड्राइव्ह मॉलला गेले होते. तिने विचारलं, "मावशी, आधी इथे काय होतं गं?" म्हटलं, चिखल, तिवरं आणि भरतीचं पाणी. तिला पटेचना.

मॉल २०२१ला उघडला, एवढंच सगळे सांगतात. माझ्या मते गोष्ट निदान १९७७पासून सांगायला हवी. दक्षिण मुंबईवरचा भार हलका करायचा म्हणून संकुलाचं काम एमएमआरडीएकडे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) आलं ते तेव्हा. मिठीच्या तोंडाशी असलेल्या पाणथळ जमिनीवर भराव पडत गेला. संकुल ३७० हेक्टरांचं. विहार-पवई तलावांच्या सांडव्याचं पाणी घेऊन नदी माहीमच्या खाडीला मिळते. भरती आणि पाऊस एकदम आले की तिला पसरायला हीच जागा होती.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. त्या संध्याकाळी मी वांद्र्याच्या कलानगरहून कमरेएवढ्या पाण्यातून चालत निघाले, पुढच्या बाईच्या छत्रीचं टोक धरून. पायाखाली रस्ता आहे की गटार, कळत नव्हतं.

मॉल पाडा असं मी म्हणत नाही. पण दाराशी नदीचा जुना नकाशा लावा, ही मागणी चुकीची आहे का?

कुर्ला पश्चिम
ताई, चुकीची नाही, पण अर्धवट आहे. विमानतळासाठी नदीला काटकोनात वळवली, ते कुठे लिहायचं? काठावरचे गोठे, भंगाराची गोदामं, तेलाची पिंपं धुणारे? मॉल सगळ्यात शेवटी आला. तो डोळ्यांत भरतो म्हणून त्याच्याकडे बोट दाखवणं सोपं आहे.

आणि मॉलने काहीच दिलं नाही असंही नाही. माझी बायको विम्याच्या कामासाठी दिवसभर फिरतीवर असते. रस्त्यात स्वच्छ शौचालय नाही म्हणून ती पाणी पिणंच टाळायची. आता मॉलमध्ये जाते. कुणी अडवत नाही.

तिवर
गोठेवाले, पिंपवाले पोटासाठी काठावर आले. भराव मात्र आराखडा करून, सरकारने घातला. दोन्हींना एका तागडीत घालू नका.

नदीपलीकडे धारावीच्या बाजूला महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे, ३७ एकरांचं. ती कचराभूमी होती. १९९४पासून लोक तिथे झाडं, पाखरं बघायला जातात. तीच नदी, समोरचाच काठ. म्हणजे दुसरं काही करता येत होतं.

कुर्ला पश्चिम
उद्यान मलाही आवडतं. पण बीकेसीतली कचेऱ्यांची माणसं उद्यानात बसवायची का? ती सगळी चर्चगेटच्या गाडीत चढली असती. सकाळी ८:४०ला दारात लटकून प्रवास केलाय मी, त्यामुळे हे मला कुणी शिकवू नये.

खाडीकाठची
शौचालयाचा मुद्दा मला सुचला नव्हता. बरोबर आहे तुमचं. विमानतळाची वळणंही नकाशात हवीतच.

पण येताना बस पुलावर थांबली तेव्हा भाचीने खाली बघून विचारलं, "हा कुठला नाला?" ती सातवीत आहे, इथेच वाढलेली. म्हणून मी मागणी सोडणार नाही. भराव पडण्याआधीचे या काठाचे फोटो कुणाच्या घरी असतील तर इथे टाका, कितीही धूसर असले तरी चालतील.