मदत हवी आहे: कुंपणाला पत्र्याऐवजी रिसायकल प्लास्टिकचं शीट चालेल का?

मुलुंडला आमचं छोटं रिडेव्हलपमेंटचं काम आहे, प्लॉट एकरापेक्षा कमी. महापालिकेच्या ऑक्टोबर 2023 च्या धुळीच्या नियमांप्रमाणे 25 फूट पत्रा उभा केला. तीन महिन्यांत खालच्या रांगेतले चौदा पत्रे रात्रीतून भंगारात गेले! म्हणून वेफरच्या पाकिटांपासून दाबून बनवलेल्या शीटचा एक तुकडा मागवला. भंगारवाल्याने हातात घेऊन परत दिला, तिथेच मला ते आवडलं. निरखून पाहिलं तर कडेला पिवळ्या पाकिटाचा कोपरा अजून दिसतो.

पण गच्चीवर उन्हात आठवडाभर एमएस अँगलला (L आकाराच्या लोखंडी पट्टीला) स्क्रूने आवळून ठेवलं, तर मधोमध फुगलं. प्लास्टिक उन्हात लोखंडाच्या कितीतरी पट वाढतं, मान्य. मग भोक मोठं पाडून वॉशर लावायचा का? किती अंतरावर?

दुसरं, नियमात टिन किंवा धातूचा पत्रा असं लिहिलंय. खालचे आठ फूट प्लास्टिक आणि वर पत्रा, असं कोणी वॉर्डातून मंजूर करून घेतलंय? आणि वेल्डिंगची ठिणगी पडली तर? विकणारा म्हणतो ‘काही होत नाही साहेब’, टेस्ट रिपोर्ट मात्र देत नाही.

ज्यांनी एक तरी पावसाळा काढलाय, त्यांनी कृपया फोटोसकट सांगा.