घरातलं कमावतं माणूस अचानक अंथरुणाला खिळलं, तेव्हा पैशाचं कसं निभावलंत?

गेल्या श्रावणात एका सकाळी मिस्टरांच्या हातातनं चहाची बशी निसटली. मला वाटलं, रात्री झोप झाली नसेल. त्यांचं तोंड वाकडं झालंय हे शेजारच्या काकूंनी ओळखलं, म्हणून साडेचार तासांच्या आत दवाखाना गाठता आला आणि गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मिळालं. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं शेड आहे. एक लेथ, एक ड्रिल, हाताखाली दोन पोरं. घर चालत होतं ते त्याच उजव्या हातावर.

दवाखान्याच्या बिलाची सगळे चौकशी करतात, मदतही करतात. घरी आणल्यानंतरच्या महिन्यांचं मात्र कुणी विचारत नाही. फिजिओथेरपीचे रोजचे पैसे, डायपर, मशीनचा हप्ता, शेडचं भाडं, लेकीची बारावीची फी. म्हणून हा धागा काढतेय. तुमच्या घरी असं घडलं असेल तर काय केलंत ते लिहा, आणि काय चुकलं तेही लिहा.

माझं चुकलं ते सांगते. मी लपवलं. तीन महिने बांगड्या गहाण टाकून मशीनचा हप्ता भरला, कुणाला कळू नये म्हणून. शेवटी दिरांनी हाताला धरून बँकेत नेलं. मॅनेजरनी डिस्चार्ज कार्ड वाचलं आणि म्हणाले, "वहिनी, पहिल्याच महिन्यात यायचं की." हप्ता 90 दिवस थकला की खातं एनपीएत, म्हणजे थकीत कर्जांत जातं आणि मग त्यांचेही हात बांधले जातात. त्याआधी कागदपत्रं घेऊन गेलं तर मुदत वाढवून हप्ता कमी करता येतो. आमचा निम्म्यावर आला. तो आधीच आला असता तर बांगड्या घरात राहिल्या असत्या.

दुसरं, मिस्टरांची येण्या-देण्याची वही. कुणाकडनं किती येणं आहे ते मला ठाऊकच नव्हतं. रोज संध्याकाळी त्यांच्या उशाशी बसून एकेक नाव वाचायचे. त्यांना बोलता यायचं नाही, ते फक्त मान हलवायचे. अशी अकरा नावं निघाली. सगळ्यांच्या दारात गेले आणि दोघं सोडून सगळ्यांनी दिले. उद्यमनगरातल्या माणसांचे उपकार मी विसरणार नाही.

शिरोली एमआयडीसी

ताई, मी स्वतः आजारी पडलेला गडी. फौंड्रीत मोल्डिंगला आहे. मणक्याचा टीबी निघाला आणि डॉक्टरांनी उठायचंच नाही म्हणून सांगितलं. पगाराच्या स्लिपवर ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे पाऊण टक्का कापले जायचे, त्यावर आम्ही कायम कुरकुर करायचो. त्याच पैशानं मला तारलं. साध्या आजारात वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के मिळतात. टीबी, पक्षाघात, कॅन्सर अशा ठरावीक 34 आजारांत, दोन वर्षांची नोकरी आणि वर्गणीचे दिवस भरत असले की 80 टक्के, तेही दोन वर्षांपर्यंत. माझी चूक एवढीच की पहिला महिना खासगी डॉक्टरच्या चिठ्ठ्या जमवत बसलो. सर्टिफिकेट ईएसआयच्या दवाखान्याचं लागतं आणि ते वेळच्या वेळी न्यावं लागतं. बायको बसनं जाऊन आणायची. ज्यांचा पगार 21 हजारांच्या आत आहे त्यांनी आपला नंबर चालू आहे का, हे आजच बघा.

पन्हाळा तालुका

आमच्याकडं उलटं झालं. अंथरुणाला लागली ती मालकीण. पाव्हणेरावळे म्हणायचे, कमावता गडी उभा आहे, काळजी कशाची. पण घर कुणाच्या पैशावर चालतंय ते मला तवा कळलं. उसाचं बिल येतंय, पण सोसायटीचं कर्ज कापून हातात उरतंय थोडंच. तेलमीठ, पोरांच्या वह्या, लाईटबिल हे सगळं दर दहा दिवसाच्या दूधबिलावर, आणि दूध तिचं. चार म्हशी.

नसांचा आजार, जीबीएस म्हणत्यात त्याला. दोन दिवसात पायातली ताकद गेली, मग हातातली. उपचार महात्मा फुले योजनेतनं झाले. रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडं जायचं, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत बसतंय. पण आयसीयूत दाखल केल्याबरोबर जावा. आम्ही चौथ्या दिवशी गेलो, तवर औषधाला 60 हजार गेलते.

घरी म्हशी मला पान्हवेनात. लाथा झाडायच्या. माझ्या आईनं युक्ती सांगितली, तिचं जुनं लुगडं डोक्यावरनं घेऊन बस. तसा बसलो, तर मोठी म्हैस हुंगत राहिली आणि मग सोडली तिनं धार. मला रडू आवरलं नाही. दोन म्हशी शेवटी विकल्या. चारी विकल्या असत्या तर दहा दिवसाचं बिलच बंद पडलं असतं, म्हणून दोन धरून ठेवल्या. मालकीण आता काठी घेऊन गोठ्यापर्यंत येतीय.

मंगळवार पेठ

आमच्या बायकांच्या भिशीत माझा नंबर दिवाळीनंतर होता. हे अ‍ॅडमिट झाले त्याच आठवड्यात पाकीट माझ्या हातात ठेवलं. एकीनंही काही विचारलं नाही.

राजारामपुरी, बँकेतून निवृत्त

आमच्या धाकट्या बहिणीचे यजमान व्हेंटिलेटरवर होते. पगाराचं खातं त्यांच्या एकट्याच्या नावावर. खात्यात पैसे पडून, आणि ही औषधाला उसने मागत फिरत होती. "नॉमिनी मीच आहे ना?" असं मला विचारत राहिली. नॉमिनीचा अधिकार माणूस गेल्यानंतरचा असतो, जिवंतपणी तो उपयोगाचा नाही. ते शुद्धीवर आले, पण सही करता येईना. तेव्हा त्यांच्या बँकेचा अधिकारी दवाखान्यात आला, दोन साक्षीदारांसमोर त्यांच्या अंगठ्याला शाई लावली आणि पैसे काढता आले. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत ही सोय आहे, हाताचा अंगठा जमत नसेल तर पायाचाही चालतो. शाखेत लेखी अर्ज द्या, तोंडी सांगून भागत नाही. आणि शुद्धच नसेल तर प्रकरण कोर्टापर्यंत जातं, म्हणून हात चालतोय तोवरच खातं दोघांच्या नावावर, दोघांपैकी कुणालाही चालवता येईल असं करून घ्या.

गडहिंग्लज

मिस्टरांच्या दोन्ही किडन्या गेल्या. रिक्षा चालवायचे. डायलिसिस योजनेतून होतं, पण जाणं-येणं योजनेत नाही आणि त्या दिवशी दोघांचाही रोजगार बुडतो. सुरुवातीला डायलिसिस टळेल या आशेनं एका जडीबुटीवाल्याला 40 हजार दिले. रिक्षा विकून आलेले पैसे होते ते. त्यानं तब्येत आणखी बिघडली. कुणी सांगितलं तरी तसं करू नका, हात जोडून सांगते. आता मी पहाटे चारला उठून भाकरी करते, दोन मेस आणि एक हॉटेल धरलंय, दिवसाला साठ-सत्तर जातात. डायलिसिसच्या दिवशी जाऊबाई थापतात आणि त्या दिवसाचे पैसे त्यांचे, असं आधीच बोलून ठेवलं, म्हणून टिकलंय. फुकट राबवून घेतलं असतं तर महिनाभरही चाललं नसतं.

उद्यमनगरवाली, पुन्हा

सगळ्यांचं वाचून दाखवलं यांना. खातं जोडनावाचं करायला उद्याच जातोय.

लेथ विकला नाही. शेजारच्या शेडमधल्या कारागिराला महिन्याच्या भाड्यानं दिलाय. परवा यांनी डाव्या हातानं खुणावून व्हर्नियर मागितला. कापडात गुंडाळून ठेवलेला आणून दिला, तर चमच्याचा दांडा मोजत बसले. आता तो कारागीर रोज संध्याकाळी पाच-सहा जॉब घरी आणतो. हे डाव्या हातानं मोजतात, चुकलेला बाजूला सारतात. काल एक सारला, आणि माप खरंच चुकलेलं होतं.