तालीम आणि छोट्या कार्यक्रमांसाठी बेस गिटारचा लहान ॲम्प कसा निवडावा?

चौतारी (पुणे)

नमस्कार. आम्ही चौघे मिळून भावगीतांचे आणि अभंगांचे छोटे कार्यक्रम करतो. हार्मोनियम, तबला, अकूस्टिक गिटार आणि माझी चार तारांची बेस गिटार एवढाच आमचा संच आहे. श्रोते साधारण पन्नासच्या आसपास असतात आणि जागा म्हणजे एखादे कॅफे, सोसायटीचा हॉल किंवा दिवाळी पहाटेसाठी बागेतला छोटा मंच. आजवर मी थेट मिक्सरला जोडून वाजवत आलो, पण मंचावर मला माझाच आवाज नीट ऐकू येत नाही. दुचाकीवरून नेता येईल आणि फ्लॅटमध्ये रियाजालाही चालेल असा एकच ॲम्प मला घ्यायचा आहे. २५ वॅट पुरतील की १०० वॅटच घ्यावेत, आणि घरात असलेल्या इलेक्ट्रिक गिटारच्या ॲम्पवर भागेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. नवीनच हवा असा आग्रह नाही.

खर्जातला माणूस (ठाणे)

सर्वप्रथम, गिटारच्या ॲम्पवर बेस मोठ्याने वाजवू नका. बेसच्या खालच्या मोकळ्या तारेची कंपनसंख्या सुमारे ४१ हर्ट्झ असते, तर गिटारच्या सर्वांत जाड तारेची सुमारे ८२ हर्ट्झ. इतक्या खालच्या स्वरासाठी स्पीकरच्या पडद्याला बरेच जास्त पुढेमागे व्हावे लागते, आणि गिटारचे स्पीकर, विशेषतः मागून उघड्या पेटीत बसवलेले, त्यासाठी बनवलेलेच नसतात. अगदी हळू आवाजात रियाज केला तर काही बिघडत नाही, परंतु तबल्याबरोबर आवाज वाढवलात की तो आधी फाटेल आणि पुढे स्पीकरही जाईल.

वॅटच्या आकड्याला लोक गरजेपेक्षा जास्त महत्त्व देतात. शक्ती दुप्पट केल्याने आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला तो दुप्पट वाटावा यासाठी साधारण दहापट शक्ती लागते. म्हणजे बाकी सर्व सारखे असेल तर ४० वॅटवरून १०० वॅटवर गेल्याने जेमतेम ४ डेसिबल हाती येतात. स्पीकर किती मोठा आहे, तो किती कार्यक्षम आहे आणि त्याची पेटी कशी आहे, यांवर तितकेच अवलंबून असते. १२ इंची स्पीकरच्या पडद्याचे क्षेत्रफळ १० इंचीपेक्षा सुमारे ४४ टक्क्यांनी जास्त भरते आणि हा फरक खर्जात ऐकू येतो.

८ इंची छोट्या पेटीतून ४१ हर्ट्झचा मूळ स्वर फारसा बाहेर पडत नाही. तरीही तो स्वर आपल्याला ओळखता येतो, कारण त्याच्या वरच्या पटीतील स्वरांवरून कान मूळ स्वर जुळवून घेतो. रियाजाला एवढे पुरते. मात्र तबला आणि हार्मोनियम सुरू झाली की अशा ॲम्पमधली फक्त टकटक शिल्लक राहते.

तुमच्या गरजेला मी १० इंची स्पीकर आणि ४० ते ५० वॅट ही खालची मर्यादा मानतो. फेंडरचा रंबल ४० (१० इंची, साधारण ८ किलो) किंवा ॲम्पेगचा आरबी-११० (१० इंची, ५० वॅट) या वर्गात येतात. रंबल १०० मध्ये १२ इंची स्पीकर असूनही त्याचे वजन सुमारे १० किलोच आहे. दुचाकीवर मागे कुणी धरून बसणार असेल, तर माझे मत १०० च्या बाजूने आहे.

मिक्सरमागून (कोल्हापूर)

मी ध्वनिव्यवस्था सांभाळतो, त्यामुळे माझा क्रम थोडा वेगळा आहे. पन्नास श्रोत्यांपर्यंत खर्ज पोहोचवण्याचे काम लहान ॲम्पवर सोपवूच नये. ते हॉलच्या स्पीकरचे काम आहे. ॲम्प तुमच्या स्वतःच्या कानासाठी आणि साथीदारांसाठी असतो. म्हणून मिक्सरला जोडण्यासाठी एक्सएलआर लाइन आउट (तीन पिनांची जोडणी) आहे की नाही हे मी वॅटच्याही आधी पाहीन. रंबल ४० ला ते आहे, त्याच मालिकेतल्या २५ ला नाही. नेमक्या याच कारणासाठी तुमच्या प्रश्नातला २५ वॅटचा पर्याय मी बाद करीन.

ॲम्प जमिनीवर, पायांशी ठेवू नका. मजबूत खुर्चीवर किंवा तिरक्या स्टँडवर, तुमच्या कानाकडे तोंड करून ठेवलात तर निम्म्या आवाजात काम भागते आणि लाकडी मंच घुमत नाही. उलट, उघड्या बागेत खर्ज विरून जातो. तिथे मागे भिंत असेल तर ॲम्प तिच्याजवळ सरकवा, कारण भिंत आणि कोपरा खर्जाला बळ देतात.

तुमच्या संचात तबला आहे, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. डग्ग्याची घुमारी आणि बेसचे खालचे स्वर एकाच पट्ट्यात येतात. अशा वेळी बेसचा आवाज चढवण्याऐवजी ॲम्पवरचा लो (सर्वांत खालचा पट्टा) थोडा कमी करून लो-मिड (त्याच्या लगेच वरचा पट्टा) किंचित वाढवा. डग्ग्याची मींड मोकळी राहील आणि तुमचा स्वरही स्पष्ट उमटेल. अभंगात डग्गा झाकला गेला तर सगळा ठेकाच बसतो, आणि ते मला फार खटकते.

चौतारी (पुणे)

दोघांचेही मनापासून आभार. लाइन आउटचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. आमच्या नेहमीच्या हॉलमध्ये मिक्सरला जोडल्यावर सतत घरघर येते. कुणीतरी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला दिला होता. ते योग्य आहे का?

मिक्सरमागून (कोल्हापूर)

मुळीच नाही, असे कधीही करू नका. बेसच्या तारांना हात लावलेला असताना अर्थिंग नसणे जिवावर बेतू शकते. ॲम्प आणि मिक्सर वेगवेगळ्या बोर्डांवर जोडलेले असल्यास बहुधा त्यामुळेच घरघर येते. दोन्ही एकाच बोर्डावर घ्या. तरीही आवाज राहिला तर लाइन आउटच्या शेजारी ग्राउंड लिफ्टचे बटण असल्यास ते दाबा, नसल्यास मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी छोटी पेटी) लावा. हे उपाय फक्त सिग्नलची केबल वेगळी करतात, विजेचे अर्थिंग जागेवरच राहते.

तिसरा मजला (डोंबिवली)

फ्लॅटमधल्या रियाजाबद्दल थोडे लिहितो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पण हे मोजमाप ज्या ‘ए’ पट्टीने होते, ती ५० हर्ट्झच्या आसपासचा आवाज सुमारे ३० डेसिबलने कमी धरते. म्हणून मोबाइलवरच्या मापकात आकडा मर्यादेत दिसत असतानाही खालच्या घराचे छत थरथरत असू शकते. ॲम्पखाली जाड फोम ठेवा आणि हेडफोनची जोडणी असलेलाच ॲम्प घ्या.

खर्जातला माणूस (ठाणे)

जुना घेणार असाल तर स्वतःची बेस आणि केबल घेऊन जा. सर्वांत खालच्या तारेपासून एकेक पडदा (फ्रेट) वर चढत, मध्यम आवाजात प्रत्येक स्वर थांबून वाजवा. एखाद्याच स्वरावर खरखर आली तर पेटीचे स्क्रू सैल झाले आहेत किंवा स्पीकर सुटू लागला आहे असे समजा. मागच्या पट्टीवर २३० व्होल्ट लिहिलेले आहे याची खात्री करा, कारण परदेशातून आणलेले काही ॲम्प केवळ १२० व्होल्टचे असतात. हेडफोन आणि लाइन आउट या दोन्ही जोडण्या तिथेच वाजवून पाहा आणि मगच पैसे द्या.