मेलेला लेखक कशासाठी लिहील?

बोरूबहाद्दर: "फुकटे वाचक चोर आहेत, कॉपीराइट आहे म्हणून लेखक जगतो," असं काल एका लेखकाने ठणकावलं. गप्प बसणार होतो, राहवलं नाही. इंग्लंडच्या १७१० च्या कायद्यात कॉपीराइटची मुदत १४ वर्षं होती. लेखक हयात असला तर आणखी १४. आज युरोपात मृत्यूनंतर ७०! अमेरिकेत कंपनीच्या मालकीचा मिकी माउस, तोही फक्त १९२८ च्या रूपातला, २०२४ मध्ये कॉपीराइटमधून मोकळा झाला. शोधनिबंधांचं तर विचारूच नका. लिहिणाऱ्याला दमडी नाही, तपासणाऱ्याला नाही, वाचायला मात्र पैसे मोजा.

लेखणी_कामगार: काल ठणकावणारा मीच. मेलेल्याला बायकोमुलं असतात, साहेब. माझं पुस्तक आलं त्याच आठवड्यात पीडीएफ फिरायला लागली. एकाने मलाच पाठवली, "जरूर वाचा" म्हणून.

बोरूबहाद्दर: वाईट झालं. पण हक्क कोणाकडे आहेत?

लेखणी_कामगार: प्रकाशकाकडे. तो मुद्दा नाही.

बोरूबहाद्दर: तोच आहे.

अनुवादिका: एकरकमी मानधन, सगळे हक्क कायमचे त्यांचे. माझ्या अनुवादाची चौथी आवृत्ती निघाल्याचं मला जाहिरातीतून कळलं. आमच्यासाठी कोणी भांडत नाही ते नाहीच.

जुनं_कपाट: ई-बुकांचं बोला आधी! २००९ मध्ये ॲमेझॉनने ऑर्वेलची पुस्तकं लोकांच्या किंडल या वाचनयंत्रावरून परस्पर उडवली. पैसे परत दिले, पण एका विद्यार्थ्याची टिपणं निकामी झाली. माझं तर एका ठिकाणचं खातंच बंद झालं, दीडशे पुस्तकं गेली. आजोबांचं कपाट मला मिळालं. मी मुलांना काय देऊ, पासवर्ड?

लेखणी_कामगार: अर्धीच गोष्ट सांगता. त्या प्रती विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते.

जुनं_कपाट: म्हणून दुकानदार रात्री घरात शिरून कपाट उघडणार?

लेखणी_कामगार: मग छापील घ्या.

जुनं_कपाट: छापील पुस्तकातलं अक्षर मोठं करून द्या, घेतो. डोळे गेल्यावर कळेल तुम्हाला.

अनुवादिका: आणि करारांचं?

लेखणी_कामगार: बाई, थांबा हो जरा! बरं, ७० जास्त आहेत. २० करा. विकलेलं पुस्तक परत काढून घेऊ नये, हेही मान्य. झालं समाधान? आता ज्याच्याकडे माझी पीडीएफ असेल त्याने ती उडवा.

बोरूबहाद्दर: उडवली. तसाही आठव्या पानापुढे गेलो नव्हतो.