नोकरी सुटली, आता तीन धंदे एकदम सुरू करावेत का एकेक?

वारजेकर४६
नमस्कार मंडळी, जरा मोकळं लिहितो. चाकणला १७ वर्षं नोकरी केली, जूनमध्ये आमची लाईन बंद झाली आणि सगळा हिशोब होऊन ९ लाख हातात आले. मुलगी बारावीला आहे. बायको चार वर्षं घरूनच डबे देते, सध्या १४ आहेत, दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी पण घेते. आता कर्वेनगरला एक गाळा मिळतोय, भाडं १८ हजार, डिपॉझिट १ लाख. तिथे गिरण टाकायची, डबे ५० वर न्यायचे आणि भाजण्या-मसाले पॅक करून ऑनलाइन विकायचे, तिन्ही दसऱ्याला एकदम असं डोक्यात आहे, म्हणजे एक नाही चालला तर दुसरा तारेल. सासरे म्हणतात एकच धर, पण एकच धरला आणि तोच बसला तर काय करायचं या विचाराने झोप लागत नाही. कोणी खरंच केलं असेल तर सांगा प्लीज.

नऱ्ह्याची_मेस
दादा मी केलंय म्हणून लिहिते. २०२२ ला मेसचे डबे, केक आणि सकाळचा पोहे-उपम्याचा स्टॉल, तिन्ही एकाच महिन्यात काढले. पैसे पुरले, पण सकाळ पुरेना. एक मंगळवार तर अजून आठवतो, ४२ डबे जायचे होते, साडेदहाला डबे नेणारा पोरगा दारात उभा, पोळ्यावाल्या मावशींचा फोन की आज येत नाही, ओव्हनमध्ये वाढदिवसाचा केक आणि तिकडून नवरा सांगतोय पोहे संपले. मी पोळ्या लाटायला बसले, केक खालून करपला तो करपलाच आणि डबे पाऊण तास उशिरा गेले. त्या आठवड्यात ९ मुलांनी डबा बंद केला, त्यांची सुट्टी एक वाजता संपते हो, उपाशी लेक्चरला बसली ती पोरं, आजही वाईट वाटतं मला. नंतर स्टॉल सोडला, केक फक्त रविवारी, आता ६५ डबे नीट जातात.
आणि एक विचारू का, वहिनींशी बोललात का नीट? तीनातले दोन धंदे त्यांच्या हातावर उभे आहेत. ५० डबे म्हणजे चार-चार धरल्या तरी २०० पोळ्या, रोज, अकराच्या आत.

हिशोबनीस_पुणे
कागदांचं सांगतो कारण इथे लोक फसतात. एका पॅनवर उद्यम, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, एकच निघतं, त्यातच तिन्ही कामं टाकता येतात, आणि ते फुकट आहे, कोणी पैसे मागितले तर देऊ नका. जीएसटीला तीन नावं तीन पाट्या चालत नाहीत, एका पॅनची सगळी उलाढाल एकत्र धरतात, आणि नुसता माल विकला तर नोंदणीसाठी वर्षाच्या उलाढालीची ४० लाखांची मर्यादा असते पण डबे सर्व्हिसमध्ये येतात त्यामुळे तुम्ही २० लाखच धरून चाला. आणि ऑनलाइनचं नीट ऐका, राज्याबाहेर माल गेला की ही मर्यादा लागूच होत नाही, भाजणीचं एक पाकीट बेळगावला विकलंत तरी आधी जीएसटी नंबर घ्यावा लागतो. म्हणून सुरुवातीला महाराष्ट्रातच विका. एफएसएसएआय, म्हणजे खाण्याच्या धंद्याचं लायसन्स, जागेला धरून असतं, घरचं असेल तर गाळ्याचं वेगळं करा. आणि काहीही करा, वह्या मात्र तीन ठेवा, वहिनींचा पगार धरून. एकाच गल्ल्यात सगळं पडलं की कुठला धंदा कुठल्याला खातोय ते वर्षभर कळत नाही, माझ्याकडे येणाऱ्यांत हे सारखं बघतो.

गिरणवाले_काका
माझं मत जरा वेगळं आहे. कोथरूडला २६ वर्षं गिरण चालवतोय. एकमेकाला धरून असलेले धंदे एकत्र चालतात. लोक दळण सकाळी ऑफिसला जाताना टाकतात आणि संध्याकाळी सहानंतर नेतात, दुपारी एक ते चार गिरण मोकळी असते, तेव्हा तुमची भाजणी दळा, बाहेर दळणावळ द्यायला नको. फराळाचंही तसंच, दिवाळीत पोरं गावी गेली की डब्यांचा खाडा पडतो, तेव्हा वहिनींचं स्वयंपाकघर रिकामंच असतं. फक्त परदेशी जाणारा फराळ महिनाभर आधी निघतो, तेव्हा डबे चालू असतात, ते बघा.
पण मसाला गिरणीत नको, मिरचीला कांडप मशीन वेगळं लागतं, नाहीतर पुढचं गव्हाचं दळण तिखट जातं आणि ते गिऱ्हाईक परत येत नाही. उपासाचं दळण दगड साफ करून सकाळी पहिलं घ्यायचं. टाकी लावायला, म्हणजे जात्याच्या दगडाला परत खाचा पाडायला, तुम्ही स्वतः शिका, दगड गुळगुळीत झाला की पीठ गरम पडतं, ज्वारीची विरी म्हणजे चिकटपणा जातो, भाकरी थापताना तुटते आणि बायका बरोबर ओळखतात. डिपॉझिट द्यायच्या आधी त्या गाळ्यात थ्री फेज मीटर आहे का आणि वरच्या फ्लॅटवाल्यांना आवाज चालेल का ते विचारा, मग बाकीचं.

वारजेकर४६
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, काल रात्री हिला विचारलं. ती बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली १४ डब्यांनाच मनगट दुखतं, तुम्हाला सांगितलं नव्हतं कारण तुमची नोकरी गेलेली. मी चार वर्षं त्याच घरात राहतो आणि मला माहीत नाही. तर आता असं ठरलंय की दिवाळीपर्यंत गिरण नाही आणि ऑनलाइन नाही. पोळ्यांना मावशी लावायच्या, डबे २५ करायचे, भाजी चिरणं आणि पोचवणं माझ्याकडे. दिवाळीनंतर गाळा राहिला तर गिरण आणि भाजणी, तोवर काका तुमच्याकडे दुपारी टाकी लावायला शिकायला आलो तर चालेल का? मीटरचं उद्याच विचारून येतो. ताई, मावशींना महिन्यावर ठेवू का पोळीवर?

नऱ्ह्याची_मेस
पोळीवर ठेवा. आणि दुसऱ्या एका मावशींशी आत्ताच बोलून ठेवा, खाड्याच्या दिवशी येतील अशा. वहिनींना आठवडाभर तरी लाटणं हातात घेऊ देऊ नका.

गिरणवाले_काका
या की, दोन वाजता या. जुने कपडे घालून या.