परदेशी विद्यापीठासोबत जॉइंट रिसर्च करायचाय, विषय दुकानं आणि डिजिटल पेमेंट. सही करण्याआधी काय काय बघावं?

करवीरकर
नमस्कार मंडळी. मी कोल्हापूर भागातल्या एका मॅनेजमेंट कॉलेजात शिकवते. एका ऑनलाइन कॉन्फरन्समध्ये फिनलंडच्या एका प्राध्यापकांशी ओळख झाली, छोटे धंदे डिजिटल कसे होतात हा त्यांचा विषय, आणि आता ते म्हणतायत की आपण मिळून तुमच्याकडच्या किराणा आणि कापड दुकानांवर काम करू. म्हणजे यूपीआय आलं, साउंडबॉक्स आला, पण दुकानदाराची माल भरायची, उधारी द्यायची, कर्ज काढायची पद्धत खरंच बदलली का. विषय मला मनापासून आवडलाय, आमची कितीतरी पोरं दुकानदारांच्याच घरची आहेत. पण त्यांनी जो दोन पानी एमओयू, म्हणजे सामंजस्य करार, पाठवलाय त्यात नुसतं "शैक्षणिक देवाणघेवाण" आणि "संयुक्त संशोधन" एवढंच, पैसे कोण देणार, डेटा कुणाकडे राहणार, पेपरवर नाव कुणाचं, कशाचाच पत्ता नाही. बोलण्यातून एवढं कळलं की सर्व्हे आम्ही करायचा आणि ॲनालिसिस ते करणार. इकडे मॅनेजमेंटला नॅकच्या, म्हणजे कॉलेजला ग्रेड देणाऱ्या तपासणीच्या, आधी सही हवीय म्हणून घाई चाललीय. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा प्लीज.

पवई_ते_मेलबर्न
मॅडम, एमओयूवर सही करायला तशी हरकत नाही, त्याने सहसा कुणी बांधलं जात नाही. पण नेमकं म्हणूनच त्याच्यावर विसंबून काम सुरू करू नका. पैसे, माणसं, डेटा, नावं हे सगळं वेगळ्या प्रोजेक्ट ॲग्रीमेंटमध्ये येतं, ते हातात आल्याशिवाय एकही फॉर्म भरून घेऊ नका.

मी आयआयटीबी-मोनाश रिसर्च अकॅडमीतून (आयआयटी मुंबई आणि ऑस्ट्रेलियाचं मोनाश विद्यापीठ यांची) पीएचडी केलीय, विषय वेगळा होता पण रचना सांगण्यासारखी आहे. 2008 पासून पवईच्या कॅम्पसवर ती चालू आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला एक गाइड आयआयटी मुंबईचा, एक मोनाशचा, बराचसा काळ पवईत आणि मधले काही महिने ऑस्ट्रेलियात, आणि डिग्री दोन्ही विद्यापीठांची मिळून. हे इतकी वर्षं टिकलंय ते माझ्या मते त्या मधल्या विद्यार्थ्यामुळे. त्याला थीसिस पुरा करायचाच असतो, त्यामुळे तो दोन्हीकडे मेल टाकत राहतो, मीटिंग लावून घेतो, एकाचं म्हणणं दुसऱ्याच्या गळी उतरवतो. नुसती प्राध्यापकांची आपापसातली ओळख असेल तर एकदा परीक्षा आणि पेपर तपासणी सुरू झाली की सगळं बारगळतं. तुमच्याकडे पीएचडीचं कुणी असेल तर त्यांना तिकडे काही महिने पाठवायचं आणि तिथल्या गाइडला को-गाइड करायचं, हे करारात घालून घ्या.

आणि "सर्व्हे तुम्ही, ॲनालिसिस आम्ही" ही वाटणी अजिबात मान्य करू नका. प्रश्नावली ठरवतानाच तुम्ही टेबलावर हव्यात.

रिसर्च_सेल_पुणे
पैशाचं सांगते, कारण गाडी तिथेच अडकते.

होरायझन युरोपमधून, म्हणजे युरोपियन युनियनच्या संशोधन निधीतून, भारतीय संस्थेला आपोआप पैसे मिळत नाहीत. सामील होता येतं, पण आपला खर्च बहुतेक वेळा आपणच उभा करायचा. त्यामुळे समोरचे "आपण होरायझनला अप्लाय करू" म्हणाले की तुमच्या हिश्शाचा खर्च कुठून येणार हे तिथल्या तिथे विचारा. त्यापेक्षा इरॅस्मस प्लसमधली (युरोपियन युनियनचाच शिक्षणासाठीचा कार्यक्रम) कपॅसिटी बिल्डिंगची योजना तुमच्यासाठी बरी, त्यात भारतातली कॉलेजं पार्टनर होऊ शकतात आणि पैसा त्यांच्यापर्यंत पोचतो. फक्त तो मुख्यतः अभ्यासक्रम, ट्रेनिंग अशा कामांसाठी असतो, निव्वळ संशोधनाला नाही. परदेशी विद्यापीठांसोबतच्या संशोधनासाठी आपल्या सरकारची स्पार्क योजना 2018 पासून आहे, पण तिथे अर्ज करायला एनआयआरएफ, म्हणजे केंद्र सरकारचं शिक्षणसंस्थांचं रँकिंग लागतं, त्यामुळे एखाद्या मोठ्या संस्थेला सोबत घ्यावं लागेल. त्यांच्या प्राध्यापकांना इकडे आणून आठवड्याभराचा कोर्स करायचा असेल तर ग्यान योजना आहे, तिची चौकशी करा.

आता भानगडीचा भाग. तुमचं कॉलेज खाजगी ट्रस्टचं असेल आणि परदेशातून ग्रँट म्हणून पैसे येणार असतील तर ट्रस्टचं एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायच्या कायद्याखालचं रजिस्ट्रेशन, आहे का हे आधी अकाउंट्सला विचारा. 2020 च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी दिल्लीच्या एसबीआय मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो आणि तो पुढे दुसऱ्या संस्थेला वाटता येत नाही. म्हणजे तुम्ही पैसे घेऊन इचलकरंजीच्या एखाद्या संस्थेकडून सर्व्हे करून घेऊ असा बेत असेल तर तो कागदावर येण्याआधी सीएला दाखवा.

वहीखाते
मी दुकानांवरच फील्डवर्क करतो म्हणून लिहितोय, थोडं लांबेल.

तुमची ताकद कुठे आहे ते आधी ओळखा. या विषयातली जी कामं आज सगळे नावाजतात ती बघा. केनियात एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा, 2007 ला आली, एमआयटीच्या तवनीत सूरी आणि जॉर्जटाउनचे विल्यम जॅक यांनी 2008 ते 2014 मध्ये त्याच त्या घरांकडे पुन्हा पुन्हा जाऊन माहिती घेतली आणि 2016 ला मांडलं की त्यामुळे साधारण 1,94,000 कुटुंबं, म्हणजे तिथली 2 टक्के, अति गरिबीतून वर आली. आपल्या केरळात रॉबर्ट जेन्सन यांनी मच्छीमारांच्या हातात मोबाइल आल्यावर काय झालं ते बघितलं, 15 मासळी बाजारांतले दर आठवड्याचे भाव, 1996 ते 2001 असे. मच्छीमारांचा नफा सरासरी 8 टक्के वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी 4 टक्के स्वस्त पडली. दोन्हीकडे खरा जोर आहे तो वर्षानुवर्षं त्याच जागी परत जाण्यात, आणि ते हेलसिंकीत बसून होत नाही, ते तुम्हीच करणार. मग त्याची किंमत करारात वसूल करा की.

दुसरं, दुकानात काय दिसतं ते. तिकडून आलेल्या प्रश्नावलीत असतं, डिजिटल पेमेंट घेता का, हो किंवा नाही. दुकानदार हो म्हणतो, काउंटरवर क्यूआर पण असतो. पण क्यूआर पोराच्या बँक खात्याचा आणि दुकान वडिलांच्या नावावर. पैसे पोराच्या खात्यात, त्यातून त्याच्या गाडीचा हप्ता पण जातो, आणि संध्याकाळी वडील वहीत नुसता गल्ला लिहितात. आता या दुकानाची विक्री तुम्ही कशी मोजणार? बँकेकडे कर्जाला गेले तर वडिलांच्या खात्यावर काहीच दिसत नाही. हे प्रश्नावलीत बसत नाही, दुपारी गिऱ्हाईक नसताना स्टूल टाकून बसलं तरच कळतं. आणि यूपीआयवर जानेवारी 2020 पासून एमडीआर, म्हणजे दुकानदाराकडून घेतलं जाणारं शुल्क, शून्य आहे, तरी काही जण रोख मागतात, ते का, हाच खरा तुमचा विषय.

करवीरकर
बापरे, खूप खूप आभार सगळ्यांचे. पोराच्या खात्याचा मुद्दा तर आमच्या गल्लीतल्या दुकानाला जसाच्या तसा लागू आहे! एकच विचारते. ते म्हणतायत सगळा डेटा त्यांच्या सर्व्हरवर ठेवू, सेफ असतो. हे चालेल का?

रिसर्च_सेल_पुणे
नावं, नंबर, खात्याचे तपशील मुळीच पाठवू नका. तुमच्याकडे कोड नंबर लावा, नाव आणि कोड जुळवणारी यादी कोल्हापुरातच कुलपात ठेवा, आणि तिकडे फक्त कोडचा डेटा जाऊ दे. त्यांच्याकडे जीडीपीआर, म्हणजे युरोपचा वैयक्तिक माहिती जपायचा कायदा आहे, आपल्याकडे 2023 चा डिजिटल पर्सनल डेटाचा कायदा. आपल्या कायद्यात संशोधनाला सवलत आहे, पण त्या माहितीवरून एखाद्या ठराविक माणसाबाबत निर्णय घ्यायचा नाही, अशी अट आहे.

वहीखाते
हे कायद्यासाठी नाही तर दुकानदारासाठी करा. 2025 च्या जुलैत कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि बेंगळुरूत कित्येकांनी क्यूआर काढून "फक्त रोख" अशा पाट्या लावल्या. कोल्हापूर सीमेलगत आहे, तिथल्या व्यापाऱ्यांच्या कानावर हे केव्हाच गेलेलं असणार. उलाढाल विचारली की पहिला प्रश्न येईल, हे कुणाला कळणार? त्याचं खरं उत्तर तुमच्याकडे लेखी असलं पाहिजे, मराठीत, एका पानावर, आणि त्याखाली फिनलंडच्या प्राध्यापकांची पण सही घ्या.